खासगी ट्रकला एअर हॉर्न बसवून घेताना

एअर हॉर्न घ्यायला आलेल्या ग्राहकाचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : ‘किती डेसिबलचा आहे?’ एका खोक्यावर १३० छापलेले असते, शेजारच्यावर १५०, आणि हात साहजिकच १५० कडे जातो. पण तो आवाज किती अंतरावरून मोजला हे लिहिलेले नसेल, तर त्या आकड्यावर पैसे लावू नका. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. अमेरिकेत रेल्वे इंजिनाच्या हॉर्नसाठी १०० फुटांवर किमान ९६ आणि कमाल ११० डेसिबल असा नियम आहे. खऱ्या रेल्वेचे हे माप लक्षात ठेवले की खोक्यावरच्या १५० चे फार अप्रूप वाटत नाही.

हॉर्नचा दम हवेत असतो. दाबाखालची हवा कर्ण्यामागच्या पातळ पडद्यावर आदळते, पडदा थरथरतो आणि कर्णा तो आवाज मोठा करून बाहेर टाकतो. लांब कर्ण्याचा सूर खालचा, आखूड कर्ण्याचा वरचा. पडद्याला पुरेशी हवा मिळाली नाही तर महागडा हॉर्नही घसा बसल्यासारखा वाजतो. म्हणून दाबलेली हवा साठवणारी टाकी, ती हवा सोडणारा व्हॉल्व्ह आणि पाईप यांत काटकसर करू नका, असे आम्ही प्रत्येकाला सांगतो. पाव इंची पाईपऐवजी अर्धा इंची घेतला तर हवेला चौपट वाट मिळते. व्हॉल्व्ह कर्ण्याच्या जितका जवळ, तितका हॉर्न बटण दाबताक्षणी बोलतो.

बिनटाकीचा छोटा संचही मिळतो. त्यात कंप्रेसर, म्हणजे हवा दाबणारा पंप, थेट कर्ण्याला हवा देतो. जागा कमी लागते, पण आवाज बेताचाच. मोठा आवाज हवा असेल तर टाकी लागतेच.

बसवण्याच्या जागेबद्दल आम्ही जरा हट्टी आहोत. कर्ण्याचे तोंड पुढे आणि किंचित खाली झुकलेले ठेवतो, म्हणजे पावसाचे पाणी आत साचत नाही. सायलेन्सर, एअरबॅगचे सेन्सर आणि रेडिएटरसमोरची जागा टाळतो. कंप्रेसरखाली रबर घालतो आणि हवा ओढणारा त्याचा फिल्टर चाकांनी उडवलेल्या चिखल-पाण्यापासून दूर, उंचावर नेतो. कंप्रेसरमधून निघणारी हवा चांगलीच गरम असते. तिथे प्लास्टिकची नळी टिकत नाही. त्यासाठी संचासोबत जाळीदार धातूचा पाईप येतो, तो कापू नये. त्याच्या टोकाला चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) असेल तर ते टोक टाकीकडे बसते, कंप्रेसरकडे नाही. घरी काम करणाऱ्यांकडून हेच बहुतेक वेळा उलटे होते.

वायरिंगमध्ये तडजोड नको. मूळ हॉर्नची वायर बारीक असते. कंप्रेसरचा भार तिच्यावर टाकला तर ती तापते आणि आग लागू शकते. कंप्रेसरसाठी बॅटरीपासून वेगळी जाड वायर, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज आणि मध्ये रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) हवाच. रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनला बॅटरी, ८७ ला कंप्रेसर. ८५ आणि ८६ वर प्रेशर स्विचचे, म्हणजे टाकीतल्या दाबानुसार कंप्रेसर चालू-बंद करणाऱ्या स्विचचे, सर्किट. हे सर्किट चावीवर घ्यावे, नाहीतर एखादी बारीक गळती रात्रभर कंप्रेसर चालवून बॅटरी उतरवते.

जोडणी झाली की टाकी भरून प्रत्येक सांध्यावर आम्ही साबणाचे पाणी लावतो. बारीक फेस धरला की सांधा उघडायचा, टेफ्लॉन टेप नव्याने गुंडाळायची, पण पहिला आटा मोकळा ठेवून; तिथली टेप फाटली तर तुकडा व्हॉल्व्हमध्ये अडकतो. मग पुन्हा साबण. फेस थांबेपर्यंत गाडी देत नाही.

तुमच्या ट्रकला एअर ब्रेक असतील तर आधी सांगा. ब्रेकच्या टाकीतून हॉर्नला थेट हवा आम्ही देत नाही. प्रेशर प्रोटेक्शन व्हॉल्व्ह असेल तरच ती जोडणी करतो, कारण दाब उतरला की तो हॉर्नकडे जाणारी हवा तोडतो आणि ब्रेकची हवा राखतो.

आता नियमांचे. बरेच देश पाळतात त्या संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियम क्रमांक २८ नुसार हॉर्नचा आवाज सलग आणि एकसारखा हवा, आणि वाहनापासून ७ मीटरवर तो ११२ डेसिबलपेक्षा जास्त नको. तुमच्या भागात काय चालते ते परिवहन विभागाकडून आधी विचारून घ्या. मूळ हॉर्न आम्ही कधीच काढत नाही. रोजच्या रस्त्यावर तोच वापरा. एअर हॉर्नला वेगळे बटण आणि तो पूर्ण बंद करणारा स्विच देतो. सायकलस्वार, जनावरे किंवा पायी चालणारे जवळ असताना तो वाजवू नका. दचकलेला माणूस कुठे वळेल सांगता येत नाही. चाचणी घेताना कानात बोळे घाला आणि कर्ण्यासमोर कोणी उभे नाही ना, ते पाहा.

हवा दाबली की तिच्यातला ओलावा टाकीत पाणी होऊन साचतो. महिन्यातून एकदा, दमट हवेत दर आठवड्याला, टाकीखालचा ड्रेन कॉक हळूहळू उघडा. तोंड आणि डोळे बाजूला ठेवून. गंजाळ पाणी आले तर ते संपेपर्यंत सोडा. दरवेळी तसेच येत राहिले तर टाकी आमच्याकडे तपासायला आणा.