एच६१० घ्यायचा का बी७६०? भाऊ, आधी डीपी बघा

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी मला हाच मेसेज येतो, "पीसी असेंबल करायलोय, एच६१० घेऊ का बी७६०?" हे दोन्ही मदरबोर्डवरच्या इंटेलच्या चिपसेटचे नंबर. आणि सल्ला देणारे पण तयारच असतात, एच म्हणजे हलका बोर्ड, बी म्हणजे दणकट बोर्ड, दोन हजार जास्त गेले तरी बीच घे. हे दणकट-हलकं त्या नंबरात कुठं लिहिलंय ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

चिपसेटचं तुम्हाला माहितीच असंल, पटकन उरकतो. दोन्ही एलजीए १७०० सॉकेटचे, इंटेलचे १२, १३, १४ व्या जनरेशनचे प्रोसेसर दोन्हीवर बसतात. एच६१० वर रॅमचे दोनच स्लॉट आणि रॅमचा स्पीड वाढवता येत नाही, बी७६० वर तो वाढवता येतो आणि जेन४ एसएसडी (जेन३ पेक्षा वेगवान, पुढच्या पिढीची) पूर्ण स्पीडनं चालते. प्रोसेसर ओव्हरक्लॉक, म्हणजे ठरलेल्या स्पीडच्या वर पळवणं, दोन्हीवर होत नाही, त्याला झेड सीरिजचा चिपसेट लागतो. घरच्या पीसीत जेन३ आणि जेन४ एसएसडीचा फरक डोळे झाकून कुणी ओळखून दाखवला तर त्याला माझ्याकडून चहा. डीडीआर४ आणि डीडीआर५ रॅमची खाच वेगळी असते, एकाच्या स्लॉटात दुसरी बसत नाही, एवढं बघून घ्या. झालं चिपसेटचं.

आता घोळ कुठं होतो ते बघा. चिपसेट एवढंच सांगतो की बोर्डाला काय काय आणि किती जोडता येईल. प्रोसेसरला वीज किती आणि किती वेळ पुरवता येईल हे तो सांगतच नाही, कारण ती वीज त्याच्यातून जातच नाही. एच६१० असो का बी७६०, चिप स्वतः ६ वॅटची. प्रोसेसरला वीज देणारा भाग वेगळा, त्याला व्हीआरएम म्हणतात, सॉकेटच्या डाव्या अंगाला आणि वरच्या बाजूला जे चौकोनी चोक (कॉइल) आणि त्यांच्या शेजारी वीज चालू-बंद करणारे बारीक काळे मॉस्फेट दिसतात ते.

गावातली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, डोळ्यासमोर आणा. ११ हजार व्होल्टची लाईन येते, डीपी ती चारशे-साडेचारशेवर उतरवती आणि मग मोटारी चालतात. व्हीआरएमचं कामही तेच, एसएमपीएसकडून (पीसीच्या पॉवर सप्लायकडून) १२ व्होल्ट येतात, प्रोसेसरला लागतात सव्वाच्या आसपास. व्होल्ट उतरले की अँपिअर वाढतात. आय५-१२४०० च्या खोक्यावर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण टर्बोत, म्हणजे जोरात पळताना, तो ११७ पर्यंत जातो, म्हणजे सव्वा व्होल्टला नव्वदच्या वर अँपिअर. आय७-१२७०० वर पण ६५ च लिहिलंय आणि तो जातो १८० वॅटपर्यंत, हिशोब तुम्हीच करा. आता ६३ केव्हीएच्या डीपीवर अख्ख्या शिवाराच्या मोटारी टाकल्यावर हरभऱ्याच्या पाण्याच्या वेळी काय होतं ते मराठवाड्यात कुणाला सांगायची गरज नाही. फरक इतकाच की डीपी उडती, व्हीआरएम सहसा उडत नाही, तो तापला की बोर्ड प्रोसेसरचा स्पीडच खाली ओढतो. म्हणून कळतच नाही.

माझ्या भाच्याचं हेच झालं. परभणीत लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करतो, पत्र्याचं दुकान, मे महिना, बाहेर ४३. आय७-१२७०० घेतला आणि बोर्ड बी सीरिजचा, सगळ्यात स्वस्त, मॉस्फेटवर हीटसिंकच (उष्णता शोषणारा धातूचा तुकडा) नाही. एक्स्पोर्ट लावला की पहिले दहा मिनिटं सुसाट, मग बैलगाडी. दुकानदारानं प्रोसेसरवरची पेस्ट बदलली, रॅम बदलून बघितली, शेवटी म्हणला प्रोसेसरच खराब आहे. भाच्याचा फोन, "मामा, कामून होत असंल असं? प्रोसेसर तर साठ-पासष्टच्या वर तापंना." मी म्हणलं, साईडचं झाकण काढ आणि टेबल फॅन सरळ बोर्डावर मार. मारला, आणि स्पीड परत आला!

वर त्यानं हौसेनं मोठा टॉवर कूलर लावलेला. सोबत येणारा गोल कूलर हवा खाली बोर्डावर फेकतो, त्यात व्हीआरएमला पण वारा लागतो, टॉवर कूलर ती हवा आडवी मागं काढतो. म्हणजे प्रोसेसर गार आणि डीपी उन्हात. नवीन बोर्डाला पैसे नव्हते, म्हणून खोक्यातला जुना कूलर परत बसवला, बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) पॉवर लिमिट १०० वॅटवर आणली, आता पहिल्यासारखा पळत नाही पण शेवटपर्यंत एकसारखा चालतो.

अजून एक डोकेदुखी म्हणजे खोक्यावरचे "फेज", म्हणजे व्हीआरएममधले चोक-मॉस्फेटचे संच. बारा फेज वाचलं की लोकांना वाटतं शेतीची थ्री फेज लाईन आली. एकेक मॉस्फेट किती अँपिअर झेपवतो ते माहिती नसताना नुसते चोक मोजून काही कळत नाही, भारी मॉस्फेटचे सहा फेज हलक्या दहापेक्षा चांगले निघू शकतात.

माझं मत सरळ आहे. आय३-१२१०० किंवा आय५-१२४०० असंल तर हीटसिंकवाला एच६१० घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या एसएमपीएसला आणि यूपीएसला लावा. हीटसिंक नसलेल्या बी७६० पेक्षा तो मला कधीही चालंल. आय७ घालायचा असंल तरच बी७६०, ते पण व्हीआरएमच्या दोन्ही बाजूंना हीटसिंक असलेला. दुकानात खोकं नका बघू, बोर्डाचा फोटो बघा. आणि १३ वी-१४ वी जनरेशन घालणार असाल तर बायोस अपडेट करूनच द्या म्हणा, जुन्या स्टॉकच्या बोर्डावर ती चालू होईलच असं नाही.

हो, आणि एच६१ म्हणजे एच६१० नव्हे! एच६१ हा २०११ चा चिपसेट, डीडीआर३ वाला, दुसऱ्या-तिसऱ्या जनरेशनचा, विंडोज ११ च्या यादीत हे प्रोसेसर नाहीतच. कुठल्या कुठल्या नावाचे कोरे करकरीत एच६१ बोर्ड एम.२ स्लॉट (चपट्या एसएसडीची जागा) लावून विकतात आणि सोबत "आय७" देतात. तो आय७ बहुतेक ३७७०, चार कोर आठ थ्रेड, वरच्या आय३-१२१०० ला पण तेवढेच आहेत आणि तो त्याच्या कितीतरी पुढं.

लाईटच्या कमीजास्तपणाला बोर्डाला शिव्या देऊ नका, तो मार आधी एसएमपीएस झेलतो. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर बोर्ड बदलून काही होणार नाही, वायरमनला बोलवून अर्थिंग बघून घ्या.