विकास-अध्ययन प्रमाणपत्र (ग्रामीण विदर्भ)

विकसनशील देशांतील गरिबी, शेती, आरोग्य, कर्ज व स्थलांतर यांचा अभ्यास करणारा अल्पमुदतीचा महाविद्यालयीन अभ्यासक्रम. कुठे त्याला ‘विकास-अध्ययन’ म्हणतात, कुठे ‘ग्रामीण विकास’. नवीन शैक्षणिक धोरणानुसार (२०२०) पदवीचे पहिले वर्ष पूर्ण करून थांबणाऱ्यालाही प्रमाणपत्र मिळते. ते वेगळे, त्याची याच्याशी गल्लत करू नये. विदर्भात नागपूर (१९२३), अमरावती (१९८३) आणि गडचिरोलीचे गोंडवाना (२०११) या विद्यापीठांशी महाविद्यालये संलग्न आहेत. दूरशिक्षणाने हा विषय घेणाऱ्यांसाठी इग्नूची (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) ग्रामीण विकासातील पदव्युत्तर पदविका आहे, पण त्यासाठी आधी पदवी हवी.

अभ्यासाची सुरुवात बहुधा फ्रेंच लोकसंख्याशास्त्रज्ञ आल्फ्रेड सोव्ही यांनी १९५२ मध्ये रूढ केलेल्या ‘तिसरे जग’ (अमेरिका व सोव्हिएत या दोन्ही गटांबाहेरचे देश) या संज्ञेपासून होते. पुढे अर्जेंटिनाचे अर्थतज्ज्ञ राउल प्रेबिश यांचा सिद्धांत येतो: कच्चा माल विकून पक्का माल घेणारा देश काळाच्या ओघात तोट्यात जातो. मग १९९० चा मानव विकास निर्देशांक (आयुर्मान, शिक्षण व उत्पन्न यांवरून देशाची प्रगती मोजणारा) आणि संयुक्त राष्ट्रांची २०१५ ची १७ शाश्वत विकास उद्दिष्टे. उद्दिष्टांची यादी पाठ होते आणि परीक्षेनंतर विसरली जाते.

प्रेबिश मात्र वऱ्हाडात शिकवावा. त्यासाठी लॅटिन अमेरिकेची उदाहरणे धुंडाळावी लागत नाहीत. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात तिकडची रुई थांबली, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांची नजर इथल्या काळ्या मातीकडे वळली. युद्ध संपताच भाव कोसळले, पण पऱ्हाटी राहिली. १८७० मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा आला. पुढे यवतमाळ-मूर्तिजापूर ‘शकुंतला’ ही छोटी रेल्वे धावली तीही कापसासाठीच. रुई बाहेर गेली, कापड विकत आले. राज्याने १९७२ मध्ये आणलेली एकाधिकार कापूस खरेदी योजना (शेतकऱ्याचा कापूस फक्त सरकारनेच घ्यायचा) याच पार्श्वभूमीवर समजून घेता येते. ज्याच्या बापाने योजनेच्या केंद्रावर बैलबंडी लावून रात्र काढली, त्याला हे प्रकरण दोनदा वाचावे लागत नाही.

प्रात्यक्षिक म्हणजे क्षेत्रकार्य: शिवारफेरी, चौकात रांगोळीने काढलेला गावनकाशा, कोणत्या महिन्यात कोणाला काम मिळते याचा तक्ता. दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली की दिवसा घरी कोणी सापडत नाही. सर्वेक्षण संध्याकाळी करावे लागते. बाईच्या हातची मजुरी विचारायची तर ती बाईलाच विचारावी, तिच्या घरधन्याला नव्हे, ही साधी गोष्ट बऱ्याच अहवालांत दिसत नाही.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे क्षेत्रकार्याचे नेहमीचे उदाहरण. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाले, आणि २०११ मध्ये ग्रामसभेला स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार आला. निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने घेण्याची तिथली रीत एका भेटीत कळत नाही.

नोकरीच्या दृष्टीने प्रमाणपत्राची किंमत मर्यादित आहे. सरकारी भरतीत ते पदवीची जागा घेत नाही. स्वयंसेवी संस्था किंवा बचतगटांच्या कामात मात्र मुलाखतीच्या वेळी क्षेत्रकार्याचा अहवाल प्रमाणपत्रापेक्षा जास्त उपयोगी पडतो.