गाळ, पोयटा आणि खानदेशातली परसबाग

पावसाळा तोंडावर आला की जळगाव-धुळ्याच्या नव्या वसाहतींत घरापुढे गाळाची एखादी ट्रॉली रिकामी होताना दिसतेच. बागेला ‘नवी माती’ द्यायची म्हणजे धरणाचा गाळ आणायचा, ही समजूत अलीकडची आहे.

पूर्वी उकिरड्यातलं कुजलेलं शेणखत आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास वावरात जायचं. त्यातलीच दोन घमेली परसातल्या कढीपत्त्याला, अळूला मिळायची. साक्रीकडे ठेलारी मेंढपाळांच्या मेंढ्या लेंडीखतासाठी वावरात बसवायच्या आणि मोबदल्यात मेंढपाळांना धान्य द्यायचं, अशी रीत होती. पुढे १९७२चा दुष्काळ पडला, ट्रॅक्टर आले, दावणीची जनावरं घटली आणि शेणखत विकत घ्यायची वेळ आली. त्याची जागा युरियाच्या गोणीने घेतली. केळीच्या पट्ट्यात ठिबक पसरल्यावर नळीतून विद्राव्य खतं जाऊ लागली आणि नत्र, स्फुरद, पालाश (पोटॅश) सारख्याच प्रमाणात असलेली १९:१९:१९ची पुडी गच्चीवरच्या कुंडीपर्यंत पोहोचली. २००६मध्ये गांडूळखतही खत नियंत्रण आदेशाखाली आलं, त्यातल्या घटकांची किमान प्रमाणं ठरली.

खरा वाद आहे तो गाळाचा. २०१७मध्ये राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली. गाळ फुकट, तो वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्याचा, असा हिशेब होता. मुरमाड, हलक्या माळावर गाळाने फायदा होतो, त्यात शंका नाही. अशा जमिनीत पाणी ठरत नाही, गाळ ते धरून ठेवतो. पण तोच गाळ सरसकट सगळ्यांना चांगला, असं जे पसरलं ते मला चुकीचं वाटतं. तापीकाठची काळी जमीन मुळातच चिकणमातीची. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. तिच्यात आणखी चिकणमाती घातली तर पाण्याचा निचरा होणार कसा?

त्यात शब्दांचाही गोंधळ आहे. पूर ओसरल्यावर नदीकाठी राहतो तो पोयटा, भुसभुशीत आणि बारीक रेतीचा अंश असलेला. साचलेल्या पाण्याच्या तळाशी बसतो तो गाळ, चिकट. रोपवाटिकांत दोन्ही ‘पोयटा’ म्हणूनच विकले जातात. ओळखायचं सोपं आहे. मूठभर माती ओली करून मळायची आणि अंगठ्याने दाबत बोटावरून पट्टी पुढे सरकवायची. पोयट्याची पट्टी लगेच तुटते, गाळाची बोटभर लांब होऊन लोंबते.

धुळ्यात आमच्या परसात चार वर्षांपूर्वी मी अशीच एक ट्रॉली टाकली. जुलैत लिंबाच्या आळ्यात दोन-दोन दिवस पाणी उभं राहिलं, पुढच्या मेमध्ये विळ्याचं पातं आत जाईल एवढ्या भेगा पडल्या. कोवळी पानं पिवळी पडली, शिरा मात्र हिरव्याच. दुकानदाराने युरिया दिला, त्याने काही झालं नाही. होणारही नव्हतं, कारण ती नत्राची कमतरता नव्हतीच. नत्र कमी पडलं की आधी जुनी पानं पिवळी होतात. आपल्या चुनखडीच्या, जास्त सामू (पीएच) असलेल्या मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही, आणि पाणी साचलं की ही अडचण वाढते. हिराकस (फेरस सल्फेट) कुजलेल्या शेणखतात मिसळून आळ्यात दिल्यावर झाड सावरलं. चुलीची राखही मी तेव्हापासून बंद केली, कारण राखेने सामू आणखी चढतो.

काळ्या मातीला मोकळं करतो तो सेंद्रिय माल, आणि तो इथे भरपूर आहे. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या, बांधावर जाळली जाते. रावेर-यावलकडे घड काढल्यावर केळीची खोडं तशीच पडून राहतात, त्यांत पालाश भरपूर असतो. गेल्या वर्षी मी खोडाचे वीतभर तुकडे करून शेण आणि वाळल्या पाल्याच्या थरांत कुजवले. यंदा त्या लिंबाच्या आळ्यात खुरपं मुठीपर्यंत जातं.