डिस्क साठवण प्रणालीतील घटना-नोंदी

रेड पद्धतीने अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या साठवण प्रणालीत जे काही घडते, त्याची कंट्रोलरने (डिस्कचे काम सांभाळणाऱ्या नियंत्रकाने) स्वतः ठेवलेली कालक्रमवार नोंद. व्यवहारात हिला ‘इव्हेंट लॉग’ म्हणतात. डिस्क निकामी झाली, हॉट स्पेअर (तयार ठेवलेली राखीव डिस्क) कामाला लागली, रिबिल्ड (गेलेल्या डिस्कवरची माहिती दुसरीवर पुन्हा उभारणे) सुरू झाले, पंखा बंद पडला, कोणी सेटिंग बदलले, हे सारे तिच्यात उमटते. प्रत्येक नोंदीबरोबर सहसा वेळ, घटनेचा संकेतांक, गांभीर्याची पातळी आणि डिस्कचा स्लॉट (खाचेचा) क्रमांक असतो.

या नोंदी ब्राउझरमधून किंवा कमांड लाइनवर पाहता येतात, गांभीर्यानुसार गाळताही येतात. फक्त ‘क्रिटिकल’ नोंदी पाहण्याची सवय मात्र घातक आहे. एकाच डिस्कवर वाचनाच्या चुका पुन्हापुन्हा होऊन दुरुस्त होत असतील, तर ती डिस्क बहुधा जाण्याच्या वाटेवर असते. पण या नोंदी खालच्या पातळीवर पडतात. कॅशची (कंट्रोलरच्या तात्पुरत्या स्मृतीची) बॅटरी उतरली की अनेक कंट्रोलर राइट-बॅक (आधी कॅशमध्ये, मग डिस्कवर लिहिणे) सोडून राइट-थ्रूवर (लगेच डिस्कवर लिहिणे) जातात आणि लिहिण्याचा वेग घसरतो. ‘सर्व्हर अचानक मंदावला’ या तक्रारीचे उत्तर अशा वेळी एका साध्या इशाऱ्यात सापडते.

नोंदींचा खरा कस रेड-५ (एक डिस्क गेली तरी चालू राहणारी रचना) मधील दोन डिस्क गेल्यावर लागतो. पहिली डिस्क बाहेर पडल्यानंतरही लेखन चालूच राहते. दुसरी गेल्यावर व्हॉल्यूम (या डिस्क मिळून बनलेला साठा) थांबते. म्हणजे पहिल्या डिस्कवरची माहिती शिळी झालेली असते. तीच जबरदस्तीने ऑनलाइन आणली, तर जुने-नवे तुकडे मिसळून वाचण्याजोगी माहितीही नासते. आधी कोणती गेली हे डिस्कवरच्या दिव्यांवरून कळत नाही, नोंदींच्या क्रमावरून कळते. म्हणून डिस्कला हात लावण्यापूर्वी नोंदी फाइलमध्ये उतरवून घ्याव्यात.

कंट्रोलरमधील जागा मर्यादित असते. ती भरली की सहसा जुन्या नोंदींवर नव्या लिहिल्या जातात. एखादी सैल केबल तासाभरात शेकडो नोंदी ओतून महत्त्वाचा इतिहास पुसू शकते. यासाठी नोंदी दुसऱ्या यंत्राकडे पाठवतात, बहुधा सिसलॉगने (नेटवर्कवरून नोंदी पाठवण्याच्या पद्धतीने). एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात सेंडमेल या ईमेल पोहोचवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी रचलेली ही पद्धत आरएफसी ५४२४ या इंटरनेट मानक-दस्तऐवजात (२००९) प्रमाणित झाली. तिच्यात ० ते ७ अशा आठ पातळ्या असून ० सर्वांत गंभीर. यूडीपी या संदेश पाठवण्याच्या साध्या पद्धतीवरचे ५१४ हे तिचे रूढ पोर्ट (नेटवर्कवरील दाराचा क्रमांक). त्यावर पोचपावती नसते, त्यामुळे नोंद वाटेत हरवू शकते. टीएलएससाठी (सांकेतिक, सुरक्षित जोडणीसाठी) ६५१४ वापरतात.

कंट्रोलर आणि सर्व्हर यांची घड्याळे एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) जुळलेली नसतील, तर नोंदी एकमेकींशी ताडून पाहणे जवळजवळ अशक्य होते. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी घड्याळे जुळवणे आणि संगणक प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक केले आहे.

अनेक प्रणालींत नोंदी पुसण्याची सोय असते. प्रत काढल्याशिवाय ती वापरू नये. कंट्रोलर बदलतानाही हाच नियम, कारण नोंदी त्याच्याच स्मृतीत असतील, तर त्या जुन्या कार्डाबरोबर निघून जातात.