ओव्हरक्लॉकिंग

डेस्कटॉप संगणकाचा प्रोसेसर कंपनीने नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. त्याची सेटिंग मदरबोर्डच्या (संगणकातल्या मुख्य बोर्डाच्या) बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये असते. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ२ बटण दाबले की बहुतेक बोर्डांवर बायोस उघडते.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीच्या आसपास वाढलेल्यांना हे समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. ऑइल इंजिनाचा वेग आवरणाऱ्या गव्हर्नरची स्प्रिंग आवळली की फेरे वाढतात आणि इंजिन तापतेही. प्रोसेसरमध्ये ते काम मल्टिप्लायर, म्हणजे मूळ क्लॉकला गुणणारा आकडा, करतो. मूळ क्लॉक बहुधा १०० मेगाहर्ट्झ असते. मल्टिप्लायर ४५ ठेवला तर वेग ४.५ गिगाहर्ट्झ, ५० केला तर ५ गिगाहर्ट्झ.

१९९८ सालचा इंटेलचा सेलेरॉन ३००ए यासाठी गाजला. त्याचा मल्टिप्लायर ४.५ वर कुलूपबंद होता, म्हणून लोकांनी बसचा, म्हणजे त्या काळच्या मूळ क्लॉकचा, वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेला आणि ३०० चा प्रोसेसर ४५० वर पळवला. आता इंटेलच्या नावात 'के' असलेले प्रोसेसर आणि झेड मालिकेतले बोर्ड लागतात. एएमडी कंपनीच्या बहुतेक रायझन प्रोसेसरांचा मल्टिप्लायर खुला असतो. मात्र ए मालिकेतल्या स्वस्त बोर्डांवर ही सोय नसते.

खरी किंमत मोजावी लागते ती व्होल्टेजमध्ये. वेग वाढला की प्रोसेसरला जास्त व्होल्टेज लागते, आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत चढतो. वेग ४.५ वरून ५ गिगाहर्ट्झ आणि व्होल्टेज १.२० वरून १.३५ केले, तर वेग ११ टक्के वाढतो, पण खप सुमारे ४० टक्के. हा हिशेब मांडल्याशिवाय कोणी व्होल्टेजला हात लावू नये.

हवेचा किंवा पाण्याचा नेहमीचा कूलर कितीही भारी असला तरी प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड ठेवू शकत नाही. डिसेंबरच्या पहाटे, खोलीत २२ अंश असताना ८० अंशांवर स्थिर राहिलेली सेटिंग एप्रिलच्या दुपारी, खोली ३५ वर गेली की ९३ च्या घरात पोहोचते. १०० च्या आसपास प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे केलेली मेहनत नेमकी उन्हाळ्यात वाया. कोल्हापुरात सेटिंग कायम करायची ती एप्रिल-मेमध्ये तपासूनच.

मल्टिप्लायर एकेकाने वाढवावा, दर वेळी प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारी प्राइम९५सारखी चाचणी तासभर चालवावी. ब्लू स्क्रीन आली किंवा मशीन हँग झाले तर एक पायरी मागे यावे. एकाच मॉडेलचे दोन प्रोसेसरही सारखे चढत नाहीत, त्यामुळे मित्राचे आकडे जसेच्या तसे उतरवू नयेत.

लग्नाचे व्हिडिओ रेंडर करणाऱ्याला किंवा कॅम सॉफ्टवेअरवर टूलपाथ (मशीनच्या कटरचा मार्ग) काढणाऱ्याला याचा उपयोग होतो. टॅलीवर हिशेब लिहिणाऱ्याला काहीच नाही. आजचे प्रोसेसर टर्बोमध्ये, म्हणजे काम वाढले की स्वतः वेग वाढवण्याच्या सोयीमुळे, आपणहून मर्यादेजवळ जातात. म्हणून आपल्या हवेत वेग तोच ठेवून व्होल्टेज थोडे उतरवणे अनेकदा जास्त शहाणपणाचे ठरते.

सेटिंग बिघडून स्क्रीनवर काहीच दिसेनासे झाले, तर वीज बंद करून बोर्डावरचा गोल सेल काही मिनिटे काढून ठेवावा. तो पुन्हा बसवल्यावर बायोस बहुतेक वेळा मूळ सेटिंगवर येते.