नेड क्रिस्टी : खुनाचा आरोप आणि न्यायकक्षेचा वाद

४ मे १८८७ च्या रात्री चेरोकी या अमेरिकेतील मूळनिवासी लोकांच्या स्वशासित राष्ट्राची राजधानी टाहलेक्वाजवळ एका ओढ्याकाठी अमेरिकेचे डेप्युटी मार्शल (संघीय सरकारचे पोलीस अधिकारी) डॅन मेपल्स यांच्यावर गोळी झाडण्यात आली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. संशयितांत नेड क्रिस्टी यांचे नाव आले. पुढे वर्तमानपत्रांनी दरोडेखोर म्हणून रंगवलेले क्रिस्टी त्या वेळी चेरोकी राष्ट्रीय परिषदेचे सदस्य होते आणि परिषदेच्या कामासाठीच राजधानीत आले होते. ते व्यवसायाने लोहार होते, बंदुकाही दुरुस्त करत.

त्यांनी शरणागती का नाकारली, हे समजण्यासाठी मागे जावे लागते. १८३८-३९ मध्ये अमेरिकी सरकारने चेरोकींना जॉर्जिया, टेनेसी आदी भागांतून हुसकावून मिसिसिपीपलीकडे धाडले. त्या वाटेवर आणि छावण्यांत सुमारे ४,००० लोक दगावल्याचे मानले जाते. नेड यांचे वडील वॉट क्रिस्टी त्यातून वाचलेल्यांपैकी होते. नव्या भूमीत चेरोकींनी १८३९ मध्ये राज्यघटना स्वीकारली, विधिमंडळ आणि न्यायालये उभारली. मात्र प्रकरणात अमेरिकी नागरिक गुंतलेला असेल, तर खटला आर्कान्सातील फोर्ट स्मिथ येथील संघीय न्यायालयात जाई. तेथे १८७५ पासून न्यायाधीश आयझॅक पार्कर होते. त्यांच्या न्यायालयाने दिलेल्या फाशीच्या शिक्षेविरुद्ध १८८९ पर्यंत अपिलाची सोयच नव्हती.

हा संघर्ष क्रिस्टी यांनी जवळून पाहिला होता. १८७२ मध्ये त्यांच्याच गोइंगस्नेक जिल्ह्यात झीक प्रॉक्टर यांचा खटला चेरोकी न्यायालयात चालू असताना संघीय पथक तेथे येऊन धडकले आणि झालेल्या गोळीबारात दोन्ही बाजूंची माणसे मारली गेली. मेपल्स प्रकरणात क्रिस्टी यांनी आपण निर्दोष असल्याचे सांगून जामीन मागितला. तो मिळाला नाही, तेव्हा ते आपल्या डोंगराळ मुलखातील घरीच राहिले. माझ्या मते या नकारात पळपुटेपणा नव्हता; परक्या न्यायालयात निकाल आधीच ठरलेला असेल, ही त्यांची भीती सर्वस्वी समजण्यासारखी होती.

१८८९ मध्ये डेप्युटी मार्शल हेक थॉमस यांच्या पथकाने त्यांचे घर जाळले. चेहऱ्यावर गोळी लागून क्रिस्टी यांचा एक डोळा गेला. त्यानंतर त्यांनी ओंडक्यांच्या दुहेरी भिंतींचे किल्ल्यासारखे भक्कम घर बांधले. नोव्हेंबर १८९२ मध्ये पथकाने त्यावर तोफ डागली, तरी भिंती ढासळेनात, म्हणून अखेर डायनामाइट लावण्यात आले. ३ नोव्हेंबरला धुरातून बाहेर पडताना क्रिस्टी मारले गेले. त्यांचा मृतदेह फोर्ट स्मिथला नेऊन त्याची छायाचित्रे काढण्यात आली. या साडेपाच वर्षांत त्या मुलखातील कितीतरी गुन्हे वर्तमानपत्रांनी पुराव्याविना त्यांच्या नावावर टाकले होते, आणि मृत्यूनंतर तीच प्रतिमा पक्की झाली.

१९१८ मध्ये ओक्लाहोमातील एका वृत्तपत्रात डिक हम्फ्री या साक्षीदाराचे निवेदन छापून आले. मेपल्स यांच्यावर गोळी बड ट्रेनर यांनी झाडताना आपण पाहिले, असे त्यांचे म्हणणे होते. पण ते तपासून पाहणारे चेरोकी न्यायालय तेव्हा उरले नव्हते. १८९८ च्या कर्टिस कायद्याने ते बंद केले होते आणि १९०७ मध्ये तो सारा प्रदेश ओक्लाहोमा राज्यात विलीन झाला होता. चेरोकी राष्ट्राचे आरक्षित क्षेत्र अमेरिकी काँग्रेसने कधीच संपुष्टात आणले नव्हते, हे त्या राज्याच्या फौजदारी अपील न्यायालयाने मान्य केले ते २०२१ मध्ये.