दात्याच्या शुक्राणूंपासून जन्मलेल्या मुलांमधील आनुवंशिक आजारांची जोखीम

दात्याचे शुक्राणू वापरून (कृत्रिम वीर्यरोपण; आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर फलन; किंवा इक्सी, म्हणजे स्त्रीबीजात थेट एक शुक्राणू सोडणे, या पद्धतींनी) जन्मलेल्या मुलाला जैविक पित्याकडून मिळू शकणारे आजार, ते टाळण्यासाठी होणारी दात्याची तपासणी आणि जन्मानंतर या आजारांचा माग ठेवण्याची पद्धत हा या नोंदीचा विषय आहे. कोणत्याही गर्भधारणेत बाळाला एखादा मोठा जन्मदोष असण्याची शक्यता सुमारे 3 टक्के असते. दाता कितीही काटेकोरपणे निवडला तरी ती शून्यावर येत नाही. दात्याची जनुके इतरांपेक्षा वाईट असतात असे मुळीच नाही. उलट नेहमीच्या बापाची कोणी एवढी तपासणी करत नाही. वेगळेपण आहे ते दोन बाबतींत. एका पुरुषाची जनुके अनेक घरांत जातात आणि त्याच्या तब्येतीची पुढची बातमी त्या घरांपर्यंत आपोआप पोहोचत नाही. एरवी आजोबांना पन्नाशीत आतड्याचा कर्करोग निघाला की घरात सगळ्यांना कळते. इथे ते कळवायला यंत्रणा लागते आणि बहुतेक घोटाळे त्या यंत्रणेतच होतात.

आजार कोणत्या वाटेने येतो

अप्रभावी आजारात, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्यासच होणाऱ्या आजारात (थॅलेसेमिया, सिकलसेल, सिस्टिक फायब्रोसिस, स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी म्हणजे एसएमए) दाता आणि बीज देणारी स्त्री दोघेही एकाच जनुकातील दोषाचे वाहक (एक सदोष प्रत बाळगणारे) असावे लागतात. तसे असल्यास प्रत्येक गर्भधारणेत मूल आजारी निघण्याची शक्यता 25 टक्के असते. वाहक स्वतः ठणठणीत असतो. जवळपास प्रत्येक माणूस अशा काही दोषांचा वाहक असतोच.

प्रभावी आजारात एकच सदोष प्रत पुरते आणि शक्यता 50 टक्के होते. असा आजार असलेला पुरुष दाता होणार नाही असे वाटते, पण यातले बरेच आजार दानाच्या वयात दिसतच नाहीत. हंटिंग्टन आजार साधारण तिशी ते पन्नाशीत उमटतो. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार, बहुपुटी मूत्रपिंड आणि आनुवंशिक कर्करोग वर्षानुवर्षे गप्प राहू शकतात.

एक्स गुणसूत्रावरील आजारांबाबत गैरसमज फार आहेत. शुक्राणुदाता मुलग्याला वाय गुणसूत्र देतो, त्यामुळे हिमोफिलिया किंवा ड्यूशेन स्नायुक्षय मुलग्यात आला तर तो दात्याकडून आलेला नसतो. स्त्री स्वतः अशा आजाराची वाहक असेल तर दाता बदलून काहीच साधत नाही. मुलगा झाल्यास जोखीम 50 टक्केच राहते आणि त्यावर उपाय भ्रूणाच्या किंवा गर्भाच्या तपासणीत शोधावा लागतो. दात्याच्या एक्सवरचा दोष मात्र त्याच्या सगळ्या मुलींकडे जातो. फ्रॅजाइल एक्स या बौद्धिक अक्षमतेच्या आजाराची पूर्व-उत्परिवर्तित अवस्था (जनुकातला दोष अजून पूर्ण न झालेली) असलेला निरोगी दाता हे त्याचे उदाहरण. मायटोकाँड्रियाचे (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या घटकांचे) आजार आईच्या बीजातून येतात. शुक्राणुदात्याचा त्यांच्याशी व्यवहारात संबंध नाही.

मधुमेह, हृदयविकार, दमा, स्किझोफ्रेनिया यांसारखे आजार अनेक जनुके आणि परिस्थिती मिळून घडतात. एक टक्क्याच्या आसपास आढळणाऱ्या स्किझोफ्रेनियाची शक्यता आई किंवा वडिलांना तो असल्यास साधारण दहा टक्क्यांपर्यंत जाते. यासाठी जनुकीय चाचणी उपयोगाची नाही. आधार फक्त कौटुंबिक इतिहासाचा आणि तो दात्याच्या तोंडूनच घ्यावा लागतो. अमेरिकेतील एका गाजलेल्या प्रकरणात दात्याने मानसिक आजार आणि गुन्ह्याची नोंद दोन्ही लपवली होती. त्याच्या शुक्राणूंपासून किमान 36 मुले झाली.

शेवटची वाट नव्या उत्परिवर्तनांची, म्हणजे जनुकांत नव्याने झालेल्या बदलांची. प्रत्येक बाळात आईवडिलांच्या रक्तात नसलेले साधारण 60 ते 70 नवे बदल असतात. त्यातले बहुतेक वडिलांकडून येतात आणि वडिलांच्या वयाच्या प्रत्येक वर्षामागे सुमारे दोन बदल वाढतात. बहुतेक बदल निरुपद्रवी असतात, तरी तरुण दाता पसंत करण्यामागचे एक कारण हेच.

दात्याची तपासणी

पहिली पायरी म्हणजे तीन पिढ्यांचा कौटुंबिक इतिहास: स्वतः, भावंडे, आईवडील, त्यांची भावंडे आणि आजीआजोबा. प्रत्येकाचा आजार, तो सुरू झाल्याचे वय, मृत्यूचे वय आणि कारण विचारले जाते. ‘हार्टने गेले’ एवढे उत्तर पुरेसे नसते. 78 व्या वर्षी गेले की 34 व्या वर्षी झोपेत, यावर सगळे अवलंबून असते. दत्तक गेलेल्या आणि जैविक कुटुंबाची माहिती नसलेल्या इच्छुकांना बऱ्याच शुक्रपेढ्या (दात्यांचे शुक्राणू गोठवून ठेवणाऱ्या संस्था) याच पायरीवर नाकारतात.

त्यानंतर गुणसूत्रांचा नकाशा, म्हणजे कॅरिओटाइप, काढतात. सुमारे 500 पैकी एका माणसात गुणसूत्रांच्या तुकड्यांची संतुलित अदलाबदल असते. त्याला त्रास नसतो, पण त्याच्या शुक्राणूंत तुकडे कमीजास्त होऊन गर्भपात किंवा मुलात गंभीर दोष उद्भवतात. हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी साधा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी चाचणी) पुरतो. तांबड्या पेशींचा सरासरी आकार (एमसीव्ही) 80 पेक्षा आणि पेशीतील सरासरी हिमोग्लोबिन (एमसीएच) 27 पेक्षा कमी व एचबीए2 हा हिमोग्लोबिनचा प्रकार साडेतीन टक्क्यांच्या वर असेल तर बीटा थॅलेसेमियाचा वाहक समजतात. लोहाची कमतरता सोबत असेल तर एचबीए2 खोटे कमी दिसू शकते, म्हणून सीमेवरचा अहवाल लोह भरून काढून पुन्हा पाहावा लागतो.

वाहक चाचणीची व्याप्ती पेढीगणिक बदलते. कुठे चार-पाच आजार, तर कुठे शेकडो जनुकांचे पॅनेल (एकत्र तपासायचा संच). ‘जनुकीय चाचणी झालेली आहे’ या वाक्याला म्हणूनच स्वतःचा असा काही अर्थ नाही. कोणती जनुके, कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या वर्षी तपासली, हे विचारले पाहिजे. दहा वर्षांपूर्वी गोठवलेल्या नमुन्यासोबतचा अहवालही दहा वर्षांपूर्वीचाच असतो. संसर्गाची तपासणी आणि त्यासाठी नमुना सहा महिने अडकवून ठेवण्याची पद्धत ही निराळी गोष्ट. ‘क्वारंटाइन झाले आहे’ यावरून आनुवंशिक आजारांबद्दल काहीच कळत नाही.

क्रमही महत्त्वाचा. आधी बीज देणाऱ्या स्त्रीची वाहक चाचणी करावी आणि ती ज्यांची वाहक निघेल ती जनुके निर्दोष असलेला दाता निवडावा. कशाचाच वाहक नसलेला दाता शोधणे हा वेळेचा अपव्यय आहे. मोठे पॅनेल लावले की असे दाते जवळजवळ उरत नाहीत. दोघांचे दोष वेगवेगळ्या जनुकांत असतील तर अडचण नसते.

‘निगेटिव्ह’ म्हणजे किती निगेटिव्ह

चाचणी निर्दोष आली तरी थोडी जोखीम उरते आणि ती मोजता येते. समजा एखाद्या समाजात सिस्टिक फायब्रोसिसचे 25 पैकी एक जण वाहक आहेत (उत्तर युरोपीय वंशात प्रमाण साधारण असेच आहे) आणि चाचणी 90 टक्के वाहक पकडते. अहवाल निगेटिव्ह आल्यावर दाता तरीही वाहक असण्याची शक्यता 241 मध्ये एक उरते. स्त्री वाहक असल्याचे नक्की असेल, तर मूल आजारी असण्याची शक्यता 241 गुणिले 4, म्हणजे 964 मध्ये एक. दात्याची चाचणीच केली नसती तर ती 100 मध्ये एक असती. मात्र 90 टक्क्यांचा हा आकडा ज्या वंशसमूहासाठी पॅनेल बनवले त्याच्यापुरता खरा असतो. दुसऱ्या समूहात त्याच आजाराची वेगळी उत्परिवर्तने असतात आणि जुने, निवडक उत्परिवर्तने पाहणारे पॅनेल ती सोडून देते.

एसएमएची चाचणी वेगळ्या कारणाने चुकते. तीत एसएमएन1 जनुकाच्या प्रती मोजतात. दोन प्रती दिसल्या की माणूस वाहक नाही असे धरतात. काही जणांत मात्र दोन्ही प्रती एकाच गुणसूत्रावर असतात आणि दुसरे रिकामे असते. मोजणीत आकडा दोनच येतो, पण असा माणूस वाहक असतो.

सर्वांत अवघड प्रकार म्हणजे फक्त बीजपेशींमधील मिश्रता. दात्याच्या वृषणातील काही पेशींतच दोष असतो. रक्त आणि लाळ स्वच्छ. अशा दात्याला दानाच्या वेळी कोणत्याही नेहमीच्या चाचणीने ओळखता आले नसते. मुले आजारी पडल्यावर त्याच्या वीर्याचे खोलवर क्रमनिर्धारण (डीएनएची अक्षरे वाचणे) केले तरच दोष सापडतो. डेन्मार्कमधील एका दात्याच्या अनेक मुलांना न्यूरोफायब्रोमॅटोसिस प्रकार 1 (मज्जातंतूंवर गाठी येण्याचा आजार) झाला, तो असाच. तिथे 2012 मध्ये नियम कडक होण्यास हेच प्रकरण कारण ठरले. या आजाराच्या सुमारे निम्म्या रुग्णांत दोष नव्यानेच उद्भवलेला असतो. त्यामुळे एका घरात एकच मूल आजारी असेल तर ‘योगायोग’ म्हणून फाइल बंद होते. दुसऱ्या घरातले मूल समोर आल्याशिवाय दात्याकडे बोट वळत नाही.

एक दाता, अनेक मुले

दानाच्या वेळी 23 वर्षांचा आणि लक्षणे नसलेला एक अमेरिकन दाता जाड हृदयस्नायूच्या प्रभावी आजाराचा दोष बाळगणारा निघाला. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार त्याची 24 मुले माहीत होती: 22 दानातून, 2 स्वतःच्या संसारातून. त्यांपैकी 9 जणांत उत्परिवर्तन सापडले आणि एक मूल दोन वर्षांचे असताना हृदय निकामी होऊन गेले. यानंतर दात्यांचा ईसीजी काढावा अशी सूचना पुढे आली. त्याआधी 2006 मध्ये मिशिगनमध्ये चार कुटुंबांतील पाच मुलांना एकाच दात्याकडून पांढऱ्या पेशींची जन्मजात तीव्र कमतरता आल्याचे नोंदले गेले होते.

2025 मध्ये युरोपातील टीपी53 प्रकरणाने हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला. या जनुकातील दोषाने ली-फ्राउमेनी सिंड्रोम होतो आणि लहानपणापासून निरनिराळे कर्करोग उद्भवतात. दाता स्वतः निरोगी होता. दोष त्याच्या काही शुक्राणूंतच होता. मे महिन्यात मिलान येथील युरोपीय मानवी आनुवंशिकी परिषदेत मांडलेल्या माहितीत आठ देशांतील 46 कुटुंबांची 67 मुले होती. 23 जणांत दोष आणि 10 जणांना कर्करोग. वर्षअखेरीस पत्रकारांच्या शोधात मुलांची संख्या किमान 197 आणि देशांची 14 वर गेली.

मर्यादा आहेत, पण त्या देशाच्या सीमेवर संपतात. ब्रिटनमध्ये एका दात्याला 10 कुटुंबे, नेदरलँड्समध्ये 12. भारतात 2021 च्या कायद्याने एका दात्याचे शुक्राणू एकाच जोडप्याला देता येतात. शुक्राणूंच्या नळ्या मात्र उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये दशकानुदशके टिकतात आणि विमानाने कुठेही जातात. प्रत्येक देश आपापला आकडा मोजतो, बेरीज कोणीच करत नाही. शिवाय मर्यादा पाळली जातेच असे नाही: नेदरलँड्समध्ये एप्रिल 2025 मध्ये किमान 85 दात्यांची प्रत्येकी 25 किंवा अधिक मुले असल्याचे उघड झाले. मर्यादेने आजार टळत नाही. तो किती घरांत जाईल, एवढेच ठरते.

एकाच दात्याची दोन मुले नकळत एकमेकांची जोडीदार होतील, ही भीती नेहमी बोलली जाते. हिशेब असा: दाता एका अप्रभावी दोषाचा वाहक असेल तर तो दोन्ही मुलांत उतरण्याची शक्यता चारात एक आणि त्यांच्या बाळाला आजार होण्याची शक्यता सोळात एक. दाते मोजके आणि मुले एकाच गावात वाढणारी असतील तर ही भीती रास्त आहे, एरवी दुर्मीळ. दात्याची बातमी न पोहोचणे हा धोका त्याहून कितीतरी नित्याचा आहे.

मुलात आजार सापडल्यावर

कुटुंबाने क्लिनिकला कळवायचे; क्लिनिकने शुक्रपेढीला. पेढीने उरलेल्या नळ्यांचे वितरण त्याच दिवशी थांबवायचे, दात्याला बोलावून किंवा जपून ठेवलेल्या नमुन्यावर चाचणी करायची आणि दोष त्याच्याकडूनच आला असल्याचे ठरल्यास त्याचे शुक्राणू घेतलेल्या प्रत्येक क्लिनिकला लेखी कळवायचे. क्लिनिकने मग कुटुंबांना गाठायचे. दात्यालाही सांगायचे असते. त्याची स्वतःची मुले आणि भावंडे असतात.

साखळी तुटते ती अशी. क्लिनिक बंद पडलेले असते. जन्माची नोंद पेढीकडे पोहोचलेलीच नसते, कारण गर्भ राहिल्यावर स्त्री दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली. मध्यस्थ क्लिनिकने दात्याला स्वतःचा वेगळा क्रमांक दिलेला असतो. कुटुंबाचा फोन बदललेला असतो. उरलेल्या नळ्या दुसऱ्या अपत्यासाठी राखलेल्या असतात आणि ‘थांबवा’ हा निरोप फक्त विक्रीला लागू होतो, राखीव साठ्याला नाही. ही शेवटची चूक टाळायला सर्वांत सोपी आहे, म्हणून राखीव नळ्यांबद्दल वेगळे विचारावे. युरोपीय संघात माग काढण्याच्या नोंदी 30 वर्षे ठेवाव्या लागतात. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या 2022 च्या कायद्याने दात्याचा वैद्यकीय इतिहास दर तीन वर्षांनी ताजा करण्याचा प्रयत्न पेढीवर बंधनकारक केला. असे बंधन फार थोड्या ठिकाणी आहे.

पालकांनी दाता क्रमांक, पेढीचे नाव, नळीवरचा लॉट क्रमांक, वापराची तारीख आणि मूळ अहवालाची प्रत मुलाच्या लसीकरणाच्या कागदांसोबत ठेवावी. पत्ता बदलला की पेढीला कळवावे आणि दोन-तीन वर्षांनी दात्याच्या माहितीत काही बदल आहे का, असे लेखी विचारावे.

बालरोगतज्ज्ञांच्या फॉर्ममधील ‘वडिलांच्या घरचे आजार’ या रकान्यात सर्वाधिक चुका होतात. तिथे संगोपन करणाऱ्या वडिलांचा इतिहास लिहिला जातो किंवा ‘काही नाही’ असे. दोन्ही घातक आहेत, कारण डॉक्टर त्यावर विसंबून एखादी तपासणी टाळतात. ‘जैविक पिता दाता, माहिती अमुक वर्षापर्यंतची’ असे लिहावे. एका बाजूचा इतिहास माहीत नसताना कोलेस्टेरॉलची तपासणी 9 ते 11 या वयात एकदा करून घेणे शहाणपणाचे, कारण जन्मजात उच्च कोलेस्टेरॉल साधारण 250 पैकी एकात असते आणि लहानपणी त्याचे लक्षण दिसत नाही. खेळताना भोवळ येणे किंवा छातीत धडधड होणे हे हृदयतपासणीला पुरेसे कारण समजावे.

मुलाची व्यापक जनुकीय तपासणी करायची वेळ आली तर एक अडचण येते. मूल, आई आणि बाप अशा तिघांचे नमुने एकत्र वाचले की नवा बदल चटकन ओळखू येतो. बापाचा नमुना नसेल तर आईत नसलेला प्रत्येक बदल संशयित ठरतो आणि अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ अशा नोंदी वाढतात. पेढीने दात्याचा डीएनए जपून ठेवला असेल तर ओळख उघड न करता तो प्रयोगशाळेला देता येतो. जनुकीय समुपदेशकामार्फत तशी लेखी मागणी करावी.